हिवाळ्यात उगवलेली रोपे आडवी पडतात : मुंबईच्या गॅलरीतील रोपमर आणि तिचा बंदोबस्त

बी वेळेवर उगवते, दलपत्रे म्हणजे बियातली पहिली पाने उलगडतात, चार-पाच दिवस सारे सुरळीत चालते आणि मग एका सकाळी ट्रेच्या कोपऱ्यातली काही रोपे आडवी पडलेली दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची पडतात आणि आठवडाभरात निम्मा ट्रे रिकामा होतो. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर, झेंडू, पेटुनिया यांपैकी काहीही पेरले तरी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हा प्रकार मुंबईतल्या अनेक घरांत दरवर्षी घडतो. पडलेल्या रोपांची पाने बहुतेक वेळा हिरवीच असतात, त्यामुळे पाणी कमी पडले असावे असा समज होतो, घरातले कोणीतरी झारी घेऊन ट्रे भिजवते आणि जी रोपे वाचण्याची शक्यता होती तीही हातची जातात.

या रोगाला रोपमर किंवा रोपे कोलमडणे म्हणतात. त्याला एकच एक बुरशी जबाबदार नसते. पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम यांपैकी कोणीही तो घडवू शकते. यांचे अंश मातीत, जुन्या खतात, न धुतलेल्या ट्रेमध्ये थोडेफार असतातच आणि ते पूर्णपणे नाहीसे करणे घरच्या बागेत कोणालाही जमणारे नाही. रोग होतो तो त्यांना साचलेली ओल, कोंदट हवा आणि कोवळा, अशक्त दांडा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात तेव्हा. बहुतेक सल्ले बुरशीनाशकापासून सुरू होतात. मुंबईपुरते माझे ठाम मत असे आहे की सुरुवात ट्रेवरच्या झाकणापासून व्हायला हवी.

आधी रोग नीट ओळखावा

आडवे पडलेले प्रत्येक रोप रोपमरीचेच असते असे नाही, म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी दोन-तीन रोपे हलक्या हाताने मुळासकट उचलून उजेडात पाहावीत. रोपमर झालेल्या रोपाचा दांडा मातीच्या पातळीला पाणथळ, किंचित तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. त्याच्या वरचा भाग मात्र ताठ आणि हिरवा असतो. मूळ दोन बोटांत धरून अलगद ओढले की त्याची बाहेरची साल निसटून हातात येते आणि आत केसासारखा पांढरा धागा उरतो. असे दिसले तर बहुधा पिथियम आहे आणि ट्रेमध्ये भरलेल्या पेरणीच्या मिश्रणात पाणी साचले आहे असे समजावे. मुळे ठीक, पण बुंध्याशी कोरडा, तांबूस, आत दबलेला डाग असेल तर रायझोक्टोनियाची शक्यता जास्त. हिला पिथियमइतकी ओल लागत नाही आणि कोबी-फ्लॉवरच्या रोपांवर ती वारंवार दिसते.

दांडा बुंध्याशी घट्ट आणि पांढराच असेल, पण रोप वीतभर लांब होऊन खिडकीच्या दिशेने कलंडले असेल, तर तो रोग नसून उजेडाचा तुटवडा आहे. दांडा स्वच्छ कापल्यासारखा तुटला असेल आणि पाने शेजारी पडली असतील किंवा गायब झाली असतील तर गोगलगाय, अळी किंवा कबूतर यांचा संशय घ्यावा. पानांची टोके जळल्यासारखी तपकिरी आणि मिश्रणावर पांढरट थर असेल तर तो क्षारांचा परिणाम आहे. आणि बीच वर आले नसेल, तर ते बोटाने उकरून पाहावे : मऊ पडून कुजलेले बी म्हणजे जमिनीखालीच झालेली रोपमर, आणि जसेच्या तसे टणक राहिलेले बी म्हणजे जुने बियाणे, खोल पेरणी किंवा न मानवणारे तापमान. हा फरक न पाहताच औषध घातले तर पैसे जातात आणि रोपेही जातात.

झाकण कोणासाठी असते

बियाणे पेरून वर पारदर्शक प्लॅस्टिक लावण्याची पद्धत थंड देशांतून आली. तिकडे जानेवारीत बाहेर बर्फ असतो, टोमॅटो-मिरचीच्या बियांना उगवायला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते मिळवण्यासाठी ग्रीनहाऊसची काच किंवा ट्रेवरचे झाकण उष्णता धरून ठेवते. त्या हवामानात ते अत्यंत उपयोगी साधन आहे.

मुंबईत जानेवारीत दुपारचे तापमान साधारण ३० ते ३२ अंश आणि पहाटेचे १६ ते १९ अंश असते. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. म्हणजे टोमॅटो, मिरची आणि वांग्याच्या बियांना जी ऊब तिकडे मुद्दाम निर्माण करावी लागते ती आपल्या गॅलरीत हिवाळ्याच्या दिवसांतही आयती मिळते. आपल्याकडे झाकण लावले की दोन गोष्टी होतात. ऊन थेट पडले तर आतले तापमान सहज ४० अंशांच्या वर जाते आणि कोवळी रोपे होरपळतात; ऊन पडले नाही तर आतली वाफ बाहेर जात नाही, पहाटे तापमान उतरल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, ते रोपांवर आणि मिश्रणावर टपकत राहतात आणि वरचा थर दिवसभर वाळतच नाही. पिथियमचे चल बीजाणू पाण्यातून पोहत एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. त्यांना हवी असलेली पाण्याची वाट हे झाकण अखंड चालू ठेवते.

कांदिवलीच्या एका परिचित काकूंच्या गॅलरीत चार फळ्यांचे, चेन लावून बंद करता येणारे प्लॅस्टिकचे छोटे ग्रीनहाऊस आहे. त्यांची रोपे दोन हिवाळे लागोपाठ गेली. त्या ग्रीनहाऊसच्या आत हात घातला की बाष्पाने हात ओला होत असे आणि सर्वांत खालच्या फळीवरच्या ट्रेवर हिरवट शेवाळ धरले होते. त्यांनी औषध बदलले नाही, बियाणेही तेच ठेवले. बाजूचे प्लॅस्टिक चारही बाजूंनी कापून फक्त छत शिल्लक ठेवले. पुढच्या पेरणीत मिरचीची रोपे टिकली. असे ग्रीनहाऊस कोणी आधीच विकत घेतले असेल तर ते टाकून देण्याची गरज नाही. बाजू उघड्या ठेवून छत राखले तर पावसाळ्यात सरींचा मारा अडवण्यासाठी त्याचा चांगला उपयोग होतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याच सांगाड्यावर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधता येते.

झाकणाला एक छोटी मुदत द्यायला मात्र हरकत नाही. पेरणीनंतर बी उगवेपर्यंत वरचा थर सुकू नये म्हणून ट्रेवर ओले वर्तमानपत्र किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवावा, रोज सकाळी उचलून पाहावे आणि पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ते आवरण कायमचे काढावे. पेटुनियासारख्या अतिबारीक बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून त्यांच्यावर कापड न ठेवता झाकण थोडे तिरपे ठेवून फट राखावी.

पाणी

झाकण काढूनही रोपे पडत राहिली तर पुढचे कारण जवळजवळ नेहमी पाणीच असते. संध्याकाळी कामावरून आल्यावर झारीने पाणी देण्याची सवय अनेकांना असते. पाणी वरून पडते, दांड्याभोवती साचते आणि रात्रभर तसेच राहते. पाणी सकाळी नऊच्या आत द्यावे आणि शक्यतो खालून द्यावे : पसरट परातीत किंवा टबात दोन सेंटिमीटर पाणी घेऊन भोके असलेला ट्रे त्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, वरचा थर गडद दिसू लागला की बाहेर काढून निथळू द्यावा आणि परातीतले उरलेले पाणी ओतून टाकावे. एका ट्रेचे उरलेले पाणी दुसऱ्या ट्रेला वापरले तर रोगही त्या पाण्यासोबत जातो.

पुन्हा पाणी कधी द्यायचे हे दिवस मोजून ठरवू नये. ट्रे दोन्ही हातांनी उचलून पाहण्याची सवय लावून घ्यावी. भिजलेल्या आणि वाफशावर, म्हणजे जास्तीचे पाणी निघून योग्य ओलीवर, आलेल्या ट्रेच्या वजनातला फरक थोड्याच दिवसांत हाताला कळू लागतो. वरचा थर फिका आणि स्पर्शाला कोरडा, पण बोट पेरभर आत गेल्यावर गारवा लागतो, अशी स्थिती कोवळ्या रोपांना सर्वांत मानवते. उत्तरेकडून कोरडे वारे येतात त्या दिवसांत ट्रे लवकर हलका होतो आणि ढगाळ, दमट दिवसांत दोन-दोन दिवस पाणी लागत नाही.

पाण्याचा उगमही विचारात घ्यावा. महानगरपालिकेच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे असते, त्यात क्षार कमी असतात आणि रोपांना ते चांगले चालते. ज्या इमारतींत बागेसाठी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते तिथे, विशेषतः समुद्राजवळच्या भागांत, ते खारट असू शकते. क्षारांनी मुळांची टोके दुखावली की बुरशीला आत शिरायला वाट मिळते, त्यामुळे रोपमर आणि क्षार या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच ट्रेमध्ये एकत्र दिसतात.

मिश्रण, आणि त्यातले कोकोपीट

कुंडीत गेल्या वर्षी टोमॅटो होता, तीच माती चाळून ट्रेमध्ये भरणे हे रोपमरीला आमंत्रण आहे. बी पेरण्याच्या मिश्रणात माती नसलेली बरी. तीन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळखत एवढे पुरते; हाताशी पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाडसर वाळू असेल तर एक भाग तीही घालावी. खत जास्त घातले की रोपे लवकर हिरवीगार दिसतात, पण त्यांचे दांडे पाणीदार आणि नाजूक राहतात. अर्धवट कुजलेल्या घरगुती कंपोस्टवर तर बुरशी आणि काळ्या बारीक माश्या दोन्ही पोसल्या जातात. त्या माश्या स्वतः निरुपद्रवी दिसतात, पण त्यांच्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात आणि बुरशी एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत नेतात. ट्रेवर पिवळा चिकट सापळा ठेवला आणि मिश्रणावर अर्धा सेंटिमीटर कोरडी वाळू पसरली की त्यांचे प्रमाण लक्षणीय घटते.

कोकोपीटबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण शहरात रोपांची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचा ट्रे केवळ कोकोपीटने भरलेला असतो. नारळाच्या सोडणापासून बनलेल्या या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असू शकतात. कोकोपीटची दाबलेली वीट बादलीत पाण्यात फुगवून घ्यावी, कापडात घालून पिळावी आणि स्वच्छ पाण्यात पुन्हा भिजवून पिळावी. निथळणाऱ्या पाण्याचा चहासारखा रंग फिका होईपर्यंत हे करावे. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते आणि वरून कोरडे दिसले तरी तळाला चिंब असते, म्हणून ते भरण्यापूर्वी मुठीत दाबून पाहावे. बोटांच्या फटींतून पाणी थेंबाथेंबाने गळले तर ते पेरणीसाठी फार ओले आहे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्याने टोचताच तो भुगा होऊन सुटला, तर ते योग्य आहे.

जुने मिश्रण वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर ते आधी गरम करावे. ओल्या मिश्रणाचे तापमान मध्यभागी ६० अंशांपर्यंत नेऊन अर्धा तास टिकवले तर रोपमरीचे बहुतेक जीव मरतात. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर हे करता येते, मात्र ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत ओले मिश्रण पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ पसरून चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवावे. त्या वेळी मात्र बंद प्लॅस्टिकचा आपल्याला फायदाच होतो.

पडझड सुरू झालेल्या ट्रेचे काय करावे

पडलेली रोपे आणि त्यांच्याभोवतीची बोटभर रुंदीची उभी रोपेही मिश्रणासकट चमच्याने काढून कचऱ्यात टाकावीत. घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत. ट्रे हवेशीर जागी हलवावा, पाणी थांबवावे आणि गॅलरीत वारा खेळत नसेल तर छोटा पंखा मंद गतीवर काही तास चालू ठेवावा. वरचा थर वाळला की रोगाचा वेग लगेच मंदावतो. रोपांना दलपत्रांनंतरची दोन-तीन खरी पाने येऊन दांडा कडक झाला की ती बहुतांशी धोक्याबाहेर जातात, म्हणून खरी धडपड त्या दोन-तीन आठवड्यांची असते.

औषधांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मर दिसली की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियमवर ते काम करते, पण पिथियम आणि फायटोफ्थोरा या खऱ्या बुरश्या नव्हेत, त्या वेगळ्या कुळातल्या आहेत आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिमचा परिणाम होत नाही. ओल्या, साचलेल्या ट्रेमध्ये बहुधा पिथियमच असते, आणि म्हणूनच अनेकांना औषध घालूनही गुण येत नाही. रासायनिक उपाय करायचाच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचे बुरशीनाशक एक लिटर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम मिसळून एकदा बुंध्याशी द्यावे, हातमोजे वापरावेत आणि लहान मुलांचा व पाळीव प्राण्यांचा वावर असलेल्या जागी ते ठेवू नये. हळद किंवा दालचिनीची पूड भुरभुरण्याला माझा विरोध नाही, पण खाली मिश्रण चिंब असेल तर त्या पुडीने रोपे वाचणार नाहीत.

ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी रोग आल्यावर घालण्यापेक्षा पेरणीपूर्वी आठवडाभर ओलसर गांडूळखतात मिसळून सावलीत ठेवल्यास जास्त उपयोगी पडते. ती सजीव आहे, त्यामुळे पाकिटावरची मुदत पाहूनच घ्यावी, उन्हात ठेवू नये आणि तिच्या मागेपुढे काही दिवस कोणतेही बुरशीनाशक देऊ नये. बाजारातले काही बियाणे गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असते. त्याला थायरमसारख्या औषधाचा लेप असतो. असे बी रात्रभर भिजत घातले तर लेप धुऊन जातो, म्हणून ते तसेच पेरावे आणि नंतर हात धुवावेत.

उजेड आणि मुहूर्त

दाटीने पेरलेली आणि अंधारात वाढलेली रोपे लांबुळकी होतात, त्यांच्या दांड्यांत ताकद नसते आणि एकमेकांत अडकल्यामुळे त्यांच्या मुळाशी हवाही पोहोचत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो आणि दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन मे महिन्यापेक्षा कितीतरी आत येते, आणि उत्तरेकडच्या गॅलरीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन मुळीच येत नाही. उत्तरेची गॅलरी असेल तर पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली, रोपांपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, दिवसाचे बारा ते चौदा तास ट्रे ठेवावा किंवा शेजाऱ्यांच्या दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस पाहुणा म्हणून पाठवावा. दाट उगवलेली जास्तीची रोपे उपटू नयेत, कारण शेजारच्यांची मुळे हलतात. कात्रीने बुंध्याशी कापावीत.

पेरणीची घाईही रोपमर वाढवते. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे उष्ण आणि दमट असतात. त्या दिवसांत पेरलेल्या ट्रेमध्ये रोग सर्वाधिक बळावतो. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांची पेरणी दिवाळी उलटल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास केली तर हवा कोरडी होत जाते आणि रोपांचे नाजूक आठवडे चांगल्या काळात पार पडतात. लेट्यूसचे बी २७-२८ अंशांच्या वर उगवायला कुचराई करते. ते ओल्या टिपकागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठेवावे आणि संध्याकाळी उथळ पेरावे. धणे वाटीच्या बुडाने रगडून दोन फाका कराव्यात. मेथी आणि पालक थेट कुंडीतच पेरावेत, त्यांना ट्रेची गरज नसते.

इतके सर्व करूनही रोपे पडत असतील तर दोष कशात आहे हे शोधण्यासाठी एक छोटी चाचणी घ्यावी. एकाच पाकिटातले बी तीन डब्यांत पेरावे. श्रीखंडाचे रिकामे डबे तळाला भोके पाडून चालतात. पहिल्या डब्यात नेहमीचे मिश्रण आणि नेहमीची पद्धत ठेवावी. दुसऱ्यात तेच मिश्रण ६० अंशांवर अर्धा तास गरम करून गार झाल्यावर भरावे. तिसऱ्यात गरम न केलेले मिश्रण, पण झाकण नाही आणि पाणी फक्त खालून. दुसरा डबा वाचला आणि पहिला गेला तर रोग मिश्रणातून येतो आहे. तिसरा वाचला तर मिश्रण बदलण्याचा खर्च करू नये, झाकण काढावे आणि पाण्याची पद्धत बदलावी. तिन्ही डब्यांतली रोपे सारखीच पडली तर बियाण्याचे पाकीट किंवा घरात येणारे पाणी तपासावे, आणि पुढची पेरणी नव्या पाकिटातल्या बियांनी, नळाच्या पाण्यावर करावी.